फॅन फिरत होता, तरी गाडी तापत होती

तक्रार अशी होती : गाडी पळत असेपर्यंत ठणठणीत, उभी राहिली की काटा लाल पट्ट्याकडे. गाडी म्हणजे चार सिलिंडरची, अकराशे सीसीच्या आसपासची पेट्रोल हॅचबॅक, दहाएक वर्षं वापरलेली. मालक साताऱ्यातल्या एका हायस्कूलमधले सर. पुण्याहून येताना चार माणसं आणि सामान घेऊन त्यांनी खंबाटकी चढवली, तेव्हा काटा मध्याच्याही खाली होता. पुढे आनेवाडी टोलनाक्यावर रविवार संध्याकाळची रांग लागली आणि दहा-बारा मिनिटांत काटा वर गेला. बॉनेटमधून वाफ आली, कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतून पाणी उतू जाऊन रस्त्यावर सांडलं.

आमच्याकडे येण्याआधी ही गाडी दोन गॅरेजं फिरून आली होती. शेवटच्या ठिकाणी 'हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवून फेसिंग करावं लागेल' असं सांगून पंचवीस हजारांच्या घरातलं एस्टिमेट दिलं होतं. सर ते एस्टिमेट घेऊनच आले. बरोबर जुन्या बिलांची प्लास्टिकची पिशवीही आणली होती. मला एस्टिमेटपेक्षा ती पिशवी जास्त कामाची वाटली.

बोलता बोलता सरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्याही तक्रार म्हणून नव्हे. एक, सिग्नलला उभं राहिलं की एसी गार करायचा थांबतो, गाडी हलली की पुन्हा गार हवा येते. दुसरी, टोलनाक्यावर बॉनेट उघडायला ते गाडीच्या पुढे गेले, तेव्हा बंपरजवळ पायाला गरम झळ लागली. 'इंजिन तापलेलं होतं, लागणारच,' असं त्यांचंच त्यावरचं स्पष्टीकरण.

घाट सोपा, रांग अवघड

उभ्या गाडीत, स्लोवर (रेस न देता) चालणारं एवढं छोटं पेट्रोल इंजिन तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पेट्रोल जाळतं. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एकूण उष्णता सहा-साडेसहा किलोवॅट निघाली आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा कूलंटमध्ये उतरला. हिशेब दोन किलोवॅटवर येतो, घरातल्या गीझरइतका. हेच इंजिन चार माणसं घेऊन घाट चढतं तेव्हा कूलंटमध्ये याच्या दहापट किंवा त्याहून जास्त उष्णता जाते.

तर जी गाडी दहापट उष्णता विनातक्रार बाहेर टाकते, तिला गीझरएवढी का झेपू नये? हा प्रश्न नीट विचारला की संशयितांची यादी बरीच आखडते. घाटात नसलेली आणि रांगेत असलेली अडचण शोधायची. रांगेत दोन गोष्टी कमी पडतात. समोरून येणारा वारा बंद होतो आणि सगळा भार फॅनवर पडतो. दुसरं म्हणजे बेल्टवरचा वॉटर पंप इंजिनाच्या वेगानेच फिरतो, म्हणून स्लोवर कूलंटचा प्रवाह मंद असतो. पाणी कमी असेल, कुठे हवा अडकली असेल किंवा पंपाची पाती झिजली असतील, तर ते स्लोवर आधी दिसतं.

हेड गॅस्केटची गोष्ट याच्या उलट. गॅस्केट फुटलं की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतो आणि सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो तो भार ओढताना. अशी गाडी खंबाटकीतच हात वर करते. अपवाद असतात, पण पंचवीस हजारांचं हेड अपवादावर उतरवायचं नसतं. रेडिएटर, म्हणजे कूलंट गार करणारी पुढची जाळी, आतून चोक झाला असेल तरी तो हायवेला आणि चढाला आधी दगा देतो.

यात एक मेख होती. घाटात काटा मध्याच्या खाली होता, हे सर कौतुकाने सांगत होते. मला ते खटकलं. मे महिन्यात, चढावर, भरलेल्या गाडीत काटा नेहमीच्या जागेच्या खाली कसा? पिशवीतल्या एका बिलावर उत्तर होतं : 'थर्मोस्टॅट रिमूव्ह'. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी खोड आहे. बिघडून बंदच अडकलेला थर्मोस्टॅट गाडी तापवतो, हे खरंच आहे. पण तो गाडी सगळीकडेच तापवतो, फक्त उभ्या गाडीत नाही. शिवाय काढलेला थर्मोस्टॅट बदलायचा असतो, जागा रिकामी ठेवायची नसते. रिकाम्या जागेमुळे ही गाडी हायवेला ७२-७४ अंशांवरच चालत होती. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत होता आणि सरांचं ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने उतरलं होतं. ती चौथी तक्रार, जी त्यांनी पेट्रोल पंपाच्या खात्यावर टाकली होती.

बिलं तारखेनं लावली

पिशवी टेबलावर रिकामी केली आणि बिलं तारखेप्रमाणे मांडली. जानेवारीत रेडिएटर फॅनची मोटर बदललेली. मार्चअखेरीस एसी गॅस टॉप-अप. एप्रिलमध्ये कूलंट फ्लश आणि रेडिएटरची कॅप. एप्रिल संपता संपता थर्मोस्टॅट काढला. मेमध्ये हेडचं एस्टिमेट.

गाडी तापल्याचं सरांना पहिल्यांदा आठवत होतं ते मार्चच्या शेवटी. जानेवारीची मोटर आणि मार्चची तक्रार यांचा संबंध कुणी जोडला नाही, कारण मध्ये दोन महिने गाडी बरी चालली होती. ते दोन महिने थंडीचे होते, एसी बंद होता. त्या दिवसांत साताऱ्यात सकाळी फॅन लागायचीही वेळ क्वचित येते.

संशय कुठे जातो हे इथे कळलंच होतं. तरीही थेट फॅनवर उडी मारली नाही. काटा दोन-तीनदा लालपर्यंत गेलेला होता. मूळ कारण काहीही असो, त्या तापाने हेडचं नुकसान झालंय का, हे आधी बघायला हवं होतं.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर कॅप उघडली. पाणी तोंडाशी नव्हतं, सुमारे अर्धा लिटर कमी. रंग फिकट, म्हणजे उतू गेल्यावर साधं पाणी भरत गेलेलं. पातळी भरून प्रेशर टेस्टर लावला आणि ०.९ बारवर पंधरा मिनिटं सोडला. सुई हलली नाही. नव्या कॅपवरही ०.९ लिहिलेलं होतं आणि ती तेवढ्यावरच उघडत होती. हा दाब महत्त्वाचा, कारण त्यानेच पाण्याचा उकळबिंदू १०० वरून ११८ अंशांच्या आसपास जातो. कॅप सैल असेल तर पाणी लवकर उकळून बाहेर फेकलं जातं आणि मग सगळे गॅस्केटकडे बोट दाखवतात.

मग इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाचा ब्लॉक टेस्टर धरला. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल, तर पेट्रोल गाडीत हा द्राव पिवळा पडतो. निळा तो निळाच राहिला. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन दाबतो तेव्हाचा दाब, चारही सिलिंडरमध्ये १६८ ते १७२ पीएसआय, शेजारशेजारच्या सिलिंडरमध्ये फरक नगण्य. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधट थर नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण नाही. हेड उतरवण्याचा विषय तिथे मिटला.

उभ्या गाडीत ताप आणून पाहणं

दुपारी साडेबाराच्या उन्हात गाडी शेडबाहेर उभी केली. हवा ३६ अंश. स्कॅनर जोडला आणि एसी बंद ठेवून इंजिन स्लोवर सोडलं. कूलंट ९६ वर गेलं, रिलेचा (फॅनची वीज जोडणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाज आला, फॅन लागला. स्कॅनरवर 'फॅन ऑन'.

निरोगी गाडीत इथून काटा खाली येतो. नव्वद-एक्क्याण्णवला फॅन बंद पडतो, पुन्हा शहाण्णवला लागतो, आणि हा झोका दिवसभर चालतो. इथे झोका आलाच नाही. ९९, १०१, १०३. फॅन अखंड चालू, आवाज दणदणीत आणि आकडा वर. थोडी रेस देऊन इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरलं. ही चाचणी फार बोलकी असते. पंप कमजोर असेल किंवा हवा अडकली असेल, तर रेस दिल्यावर प्रवाह वाढतो आणि तापमान बऱ्याचदा थोडं उतरतं. इथे ते आणखी भराभर चढलं. पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर पडत नाहीये.

खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर वरच्या होजवर (रेडिएटरकडे पाणी नेणाऱ्या रबरी नळीवर) धरला : १०३. खालच्या, परतीच्या होजवर : ९८. पाणी रेडिएटरमधून जाऊन जेमतेम पाच अंश उतरत होतं. रेडिएटर आतून तुंबलेला असता तर खालचा होज बराच थंड लागला असता, कारण पाणी आत रखडून निवलं असतं. (हा थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर खोटं बोलतो. नेम नेहमी काळ्या रबरावर.) १०६ ला इंजिन बंद केलं. तापलेल्या गाडीवर प्रयोग लांबवण्यात शहाणपणा नाही.

म्हणजे पाणी आहे, फिरतंय, दाब टिकतोय, फॅन फिरतोय. तरी वारा रेडिएटरमधून जात नाही. आमच्याकडे शिकणाऱ्या पोराला म्हटलं, 'बाळा, कालचा पेपर आण.'

पेपरचं एक पान

गाडी थोडी निवल्यावर पुन्हा चालू केली आणि एसी लावला. या गाडीत एसी लावला की फॅन लगेच लागतो, तापमानाची वाट बघावी लागत नाही. पोराने पेपरचं सुटं पान ग्रिलसमोर धरलं. रेडिएटरमागे बसवलेल्या फॅनने समोरची हवा आत ओढायची असते. पान ग्रिलला चिकटून बसायला हवं. ते बाहेर फुगलं. पोराने हात सोडला तर उडून त्याच्या गुडघ्यांवर आलं. तो ते उचलून परत ग्रिलवर दाबायला लागला, त्याला वाटलं आपणच नीट धरलं नाही.

फॅन उलटा फिरत होता. इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा ओढून रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या कंडेन्सरमधून (एसीचा गॅस गार करणाऱ्या जाळीतून) पुढे फेकत होता. सरांच्या पायाला लागलेली झळ ती हीच.

पूर्ण वेगातल्या फॅनची दिशा डोळ्याला कळत नाही. एसी बंद केल्यावर पाती मंदावतात, त्या शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत नीट बघायचं. ओढणाऱ्या फॅनमध्ये पात्याची रेडिएटरकडची कड पुढे असायला हवी. इथे इंजिनाकडची कड पुढे होती. मग फॅनच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावला. मोटरच्या लाल वायरीवर लाल प्रोब, काळीवर काळा. स्क्रीनवर उणे ११.९. पोरगा म्हणाला, 'दादा, प्रोब उलटे लागलेत.' प्रोब बरोबर होते.

टेप सोडवल्यावर सगळं उघडं पडलं. जानेवारीत बसवलेली मोटर लोकल होती, तिचा सॉकेट गाडीच्या कनेक्टरला बसत नव्हता. बसवणाऱ्याने कनेक्टर कापून वायरी पिळून जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. गाडीच्या हार्नेसमधल्या दोन्ही वायरी तेल-धुळीने सारख्याच काळ्या झालेल्या, त्यामुळे पॉझिटिव्ह आणि अर्थिंग (निगेटिव्ह) यांची अदलाबदल झाली. चुंबकाची साधी डीसी मोटर दोन्ही बाजूंनी फिरते, वायरी उलट्या केल्या की उलटी. फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही, आवाजही येतो. मोटर लावणाऱ्याने बॉनेट उघडं ठेवून पाहिलं असणार : फिरली, वारा लागला, काम झालं.

काही जण सांगतात की पातं पाठीवर उलटं बसलं तरी हवा उलटी जाते. तसं नसतं. पातं उलटं बसवलं तरी त्याचा पीळ तोच राहतो, हवा त्याच दिशेला जाते. फक्त बाक चुकीच्या बाजूला गेल्याने जोर कमी पडतो. दिशा बदलते ती मोटरीची फिरण्याची बाजू बदलल्यावरच.

स्कॅनरने हे का सांगितलं नाही, असं सरांनी विचारलं. ईसीयू फक्त रिलेला हुकूम देतो. पुढे मोटर फिरली का, कुठल्या बाजूला फिरली, हवा कुठे गेली, यातलं त्याला काही दिसत नाही. 'फॅन ऑन' म्हणजे 'मी सांगितलं', एवढंच. आधीच्या दोन्ही ठिकाणी फॅन बघितला नव्हता असं नाही. फिरतोय की नाही, हे बघून पुढे गेले.

सगळ्या तक्रारी आता एका धाग्यात बसत होत्या. हायवेला एसी लावला तरी समोरून येणारा वारा उलट्या फॅनला जुमानत नाही. घाटात सर एसी बंद ठेवतात आणि थर्मोस्टॅट नसल्याने तापमान फॅनपर्यंत पोचतच नव्हतं, म्हणजे फॅन बंदच. गाडी उभी राहिली की मात्र इंजिनाचीच गरम हवा कंडेन्सरवर. एसीच्या हाय साइडचा दाब चढायचा, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडायचा, गार हवा बंद. त्यावर कुणीतरी गॅस कमी समजून आणखी भरला, त्यामुळे दाब अजून वाढला. सगळ्यात वाईट अवस्था राजपथावरच्या संथ गर्दीत : पुढून थोडा वारा, मागून उलटा फॅन, आणि दोघं एकमेकांना अडवून जाळीत हवा जवळपास थबकलेली.

दुरुस्ती

वायरी अदलून टेप लावली असती तर गाडी पाच मिनिटांत 'बरी' झाली असती. पण चिन्ह बाजूला ठेवलं तरी तो ११.९ चा आकडा खटकत होता. तेव्हा बॅटरीवर १३.७ होते. पिळलेल्या जोडात जवळपास दोन व्होल्ट मरत होते आणि जोडाजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालं होतं. तेवढा भाग कापून टाकला, योग्य कनेक्टर क्रिंप करून लावला, त्यावर हीट श्रिंक चढवली. चालू फॅनवर १३.३ मिळाले. मोटर मात्र तीच ठेवली. ब्रश आणि बेअरिंग ठीक होते, ॲम्पिअरही रास्त होते.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि वाळकं गवत यांचा थर बसलेला होता. फॅन उलटा असल्याने तो उलट आतून बाहेर उडायला हवा होता, असं कुणाला वाटेल. पण हायवेवर पुढून ठोकलेला कचरा एवढ्याशा झोताने सुटत नाही. वरचा पत्रा सोडवून, नळाच्या साध्या धारेने इंजिनाकडून पुढे पाणी सोडून तो काढला. प्रेशर वॉशर जवळून मारला की जाळीची पाती आडवी होतात आणि मग वाऱ्याची वाट कायमची बंद.

थर्मोस्टॅट नवा बसवला, बसवण्याआधी भांड्यात गरम पाण्यात टाकून उघडतो ना ते पाहिलं. आधी भरलेलं पाणी बोअरचं निघालं, केटलीत जसे क्षार धरतात तसेच ते ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये धरतात, म्हणून सगळं काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. भरताना हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवली, गाडीचं तोंड चढाकडे केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत कॅप उघडी ठेवून इंजिन चालवलं. एसीचा गॅस पूर्ण काढून वजनावर पुन्हा भरला. ऑइल बदललं, कारण दोन-तीनदा भाजलेलं ऑइल ठेवण्यात काटकसर नाही.

पुन्हा तीच जागा, तेच दुपारचं ऊन, या वेळी एसी लावून. पेपर ग्रिलला चापून बसला. तापमान ८९ ते ९५ मध्ये राहिलं. वरचा होज ९३, खालचा ८१. मग गाडी यवतेश्वरच्या घाटात एसीसकट वर नेली, खाली आणली आणि मोती चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत तशीच उभी ठेवली. एकदा ९७ ला गेली आणि लगेच उतरली. एसी गार करत राहिला. थर्मोस्टॅट परत आल्यामुळे हायवेला काटा आता मध्यावर राहतो. सरांना सुरुवातीला तीच भीती वाटली, 'पूर्वी खाली असायचा हो.' मध्यावर असतो तोच बरोबर, हे दोनदा सांगावं लागलं.

गाडी देताना त्यांना एवढं सांगितलं : कुठलीही गाडी रांगेत तापायला लागली तर आधी एसी बंद, मग काचा खाली करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण. आतला हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो, काट्याला तो बऱ्याचदा आवरून धरतो. तरीही चढला तर बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि गरम असताना कॅपला हात नाही. आनेवाडीला सरांनी रुमाल धरून कॅप फिरवायला घेतली होती, शेजारच्या ट्रकवाल्याने ओरडून थांबवलं म्हणून हात वाचला.

एक काम बाकी आहे. रेडिएटरच्या उजव्या प्लास्टिक टाकीच्या कडेला, जिथे ती ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते, हिरवट-पांढरा डाग दिसतोय. प्रेशर टेस्टमध्ये तिथून थेंब आला नाही, पण इतक्या वेळा उकळलेल्या टाकीचं सील फार काळ धरेल असं वाटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत रेडिएटर बदलायचं ठरलंय. तोवर सर दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीवरच्या दोन रेघांमध्ये पातळी बघून डायरीत लिहून ठेवणार आहेत.